झाकले म्हणजे पुसले असे नव्हे

३० जानेवारी हा कुष्ठरोग निवारण दिन. ‘स्पर्श’ जनजागृती मोहीमही त्याच दिवशी सुरू होते. त्यासाठी आरोग्य केंद्रांना फलक, पत्रके हवी असतात. दर वेळी नवे चित्र काढायला ना वेळ असतो, ना पैसा. अशा वेळी फोटो संपादनातली एक सोय उपयोगी पडते. तिचे नाव क्लिपिंग मास्क.

ही सोय समजायला सोपी आहे. फोटोशॉपमध्ये चित्राचे थर, म्हणजे लेयर, एकावर एक ठेवलेले असतात. खालच्या लेयरवर एक गोल काढायचा, वरच्या लेयरवर छायाचित्र ठेवायचे आणि विंडोज संगणकावर ऑल्ट कळ दाबून त्या दोन लेयरमधल्या रेषेवर क्लिक करायचे. छायाचित्र तेवढ्या गोलातच दिसू लागते. पुढच्या वर्षी छायाचित्र बदलले तरी गोल, मजकूर, बोधचिन्ह जागच्या जागी राहतात. साचा एकदा केला की तो वर्षानुवर्षे चालतो. फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉमध्ये हेच काम ‘पॉवरक्लिप’ने होते.

मात्र ही सोय जिथे आहे, तिथेच धोकाही आहे. क्लिपिंग मास्क छायाचित्राचा उरलेला भाग काढून टाकत नाही, फक्त दिसू देत नाही. खिडकीतून अंगणाचा तुकडा दिसतो, म्हणून अंगण तेवढेच नसते. समजा, दंडावरचा चट्टा दाखवायचा म्हणून रुग्णाचे कमरेपासून वरचे छायाचित्र घेतले आणि गोलात फक्त दंड ठेवला. फलकावर चट्टाच दिसेल. पण तीच लेयर असलेली फाइल ‘तुम्हीही वापरा’ म्हणून दुसऱ्या तालुक्याला पाठवली, तर तिच्यासोबत रुग्णाचा चेहराही जातो. मास्क सोडवायला एक क्लिक पुरते. पॉवरपॉइंटमध्ये कापलेल्या छायाचित्राचेही असेच होते. कापलेला भाग कायमचा काढण्याचा पर्याय मुद्दाम निवडला नाही, तर तो फाइलमध्येच राहतो.

कुष्ठरोगाच्या बाबतीत ही चूक महाग पडते. आजार औषधाने पूर्ण बरा होतो, पण त्याचा कलंक सहज पुसला जात नाही. ठरलेले लग्न मोडते, भाड्याची खोली जाते, कामावरून काढले जाते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख लपते, हाही गैरसमज आहे. हनुवटी, कपाळ, कानातले, हातावर गोंदलेले नाव यांवरून गावातला माणूस क्षणात ओळखतो.

यावर उपाय सोपा आहे. रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी आणि छायाचित्र कुठे कुठे लागणार, तेही सांगावे. शक्यतो चट्ट्यापुरतेच छायाचित्र काढावे. मोठे असेल तर आधी ते कापून वेगळी फाइल करावी आणि तीच साच्यात बसवावी. मूळ छायाचित्र रुग्णाच्या नोंदीत सुरक्षित ठेवावे. इतरांना साचा देताना गोलात छायाचित्राऐवजी साधा राखाडी रंग ठेवावा. छपाईसाठी सर्व लेयर एकत्र करून जेपीईजी द्यावी. मोबाइलच्या छायाचित्रात तारीख आणि ठिकाणाची माहितीही दडलेली असू शकते. तीही आधी काढून टाकावी.

आणखी एक मोह टाळायला हवा. क्लिपिंग मास्क वापरून फक्त त्या छायाचित्राचा रंग आणि उजेड बदलता येतो. चट्टा ठळक दिसावा म्हणून तो अधिक पांढरा किंवा लाल करावासा वाटतो. पण सुरुवातीचा चट्टा बहुधा फिकट, सहज दुर्लक्ष होईल असाच असतो. फलकावर तो भडक दिसला, तर ‘माझा काही असा नाही’ म्हणून माणूस घरीच बसतो. विद्रूप हातापायांची छायाचित्रेही भीतीच वाढवतात. लवकर निदान व्हावे हा हेतू असेल, तर लवकरच्या अवस्थेतलाच चट्टा दाखवायला हवा, तोही जसा आहे तसा.

साच्यातला मजकूर मात्र दर वर्षी तोच राहिला तरी चालेल. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. उपचार मोफत असतात आणि आजाराच्या प्रकारानुसार ते ६ किंवा १२ महिने चालतात. औषध सुरू झाले की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. हे वाचून तपासणीला येणाऱ्या माणसाला एक खात्रीही हवी असते : आपला चेहरा पुढच्या वर्षीच्या फलकाआड दडलेला नसेल.