‘रेफर केलं’ या दोन शब्दांच्या आत

शिरगावची गरोदर बाई पालघरहून पुढे ‘रेफर’ झाली, असं आपण पटकन लिहून टाकतो. पण त्याआधी कोणीतरी फोनला चिकटून असतं: पुढे बेड आहे का, रक्त मिळेल का, १०८ कुठवर आली, चिठ्ठीवर सही झाली का. हे काम बऱ्याचदा नर्स किंवा कारकुनाच्या अंगावर पडतं.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये ‘तीन विलंब’ मांडले: दवाखान्यात जायचं ठरवण्यात, पोचण्यात आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात. आता सांगा, हा फोन कुठे बसवाल? दुसऱ्यात की तिसऱ्यात? दोन्हीकडे बसतो, म्हणूनच विश्लेषणात निसटतो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. तरी गंभीर पेशंट मुंबई-ठाण्याला जातातच, आणि डहाणू-तलासरीकडचे सिल्वासा, वलसाडलासुद्धा. राज्याची हद्द ओलांडली की पाठपुरावा कोणाचा?

त्यामुळे फील्डवर नुसतं रजिस्टर उतरवून परत येऊ नका (परवानगीशिवाय तर नाहीच). फोन करणाऱ्यालाही विचारा: किती ठिकाणी लावला, कोण ‘नाही’ म्हणालं, बाई पोचल्याचं कळलं का? या शेवटच्या प्रश्नासाठी रजिस्टरात रकाना आहे का, तेही बघा.