जुनी लॉरी सुरू कां होत नाहीं ?

वर्धा नदीच्या कांठचें कौंडण्यपूर रुक्मिणीचें माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु त्या बाजूच्या शेतकऱ्याचा संसार चालत आला तो मुख्यतः कापसावर. पूर्वीं हा कापूस बैलबंड्यांतून पेठेस जाई. पुढें पेट्रोलच्या मोटार-लॉऱ्या आल्या, आणि इ. स. १९४५ मध्यें महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या शिलकी लॉऱ्याहि विक्रीस निघाल्या. आज रस्त्यानें जाणारे ट्रक बहुधा डिझेलचे. डिझेलच्या यंत्रांत ठिणगी लागतच नाहीं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तेल आपोआप पेटतें. आम्ही येथें जुन्या पेट्रोलच्या लॉरीविषयींच लिहीत आहों, कारण पुस्तकांतील वीजशास्त्र हातानें चाचपून पाहण्याची अशी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते.

समजा, नदीकांठच्या चढावावर कापसानें भरलेली अशी लॉरी उभी आहे, आभाळ भरून आलें आहे, आणि ती कांहीं केल्या सुरू होत नाहीं. कापूस भिजला कीं भाव पडला. मग मालक घायकुतीस येतो, जमलेले दहा जण दहा उपाय सांगतात. एक प्लग काढूं लागतो, दुसरा कार्ब्युरेटरांत पेट्रोल ओततो. सांडलेलें पेट्रोल, उडती ठिणगी आणि शेजारीं कापूस हीं तीन एकत्र आलीं म्हणजे काय होईल, हें वऱ्हाडांतील मुलांस सांगावयास नको. म्हणून पहिली गोष्ट अशी कीं, सांडलेलें पेट्रोल पुसून वाळूं द्यावें, बॉनेटखालीं साचलेला कापसाचा भुगा काढावा, आणि गाडी न्यूट्रलमध्यें घालून चाकांखालीं दगड लावावे. मगच शोधास लागावें.

ठिणगी येते कोठून ? बॅटरीची वीज अवघी ६ किंवा १२ व्होल्टची. प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडण्यास हजारों व्होल्ट लागतात. इ. स. १८३१ मध्यें फॅरडे यांनीं दाखविलें होतें कीं, चुंबकत्व बदललें म्हणजे जवळच्या तारेंत वीज उत्पन्न होते. याच तत्त्वावर अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं कॅडिलॅक मोटारीकरितां रचना बसविली. ती १९१० पासून प्रचारांत आली. कॉइलमध्यें जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतून बॅटरीची वीज वाहत असतां पॉइंट एकाएकीं उघडले कीं प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळतें, आणि बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता रोटर तो दाब एकेका प्लगास वांटून देतो. पॉइंटांशेजारचा कंडेन्सर प्रवाह झटक्यानें तोडण्यास साह्य करतो. तो बिघडला तर पॉइंट लवकर जळतात व ठिणगी निस्तेज होते.

आतां लॉरीकडे वळूं. सेल्फ दाबल्यावर इंजिन फिरतच नसेल तर दोष बहुधा बॅटरीचा, किंवा तिच्या टोकांवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या पुटाचा. दिवे लावून सेल्फ दाबावा. ते अगदींच मालवूं लागले तर बॅटरी क्षीण आहे किंवा जोड सैल आहेत. हँडल मारावयाचें झाल्यास अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवून खालून वर ओढावें. उलट झटक्यानें मनगट मोडल्याचीं उदाहरणें पूर्वीं कांहीं थोडीं नव्हतीं, आणि विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकवर आला तेव्हां तो मोठाच दिलासा वाटला.

इंजिन फिरतें पण पेटत नाहीं, तर प्रश्न दोनच : पेट्रोल कीं ठिणगी ? आमच्या मतें ठिणगी आधीं पाहावी. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागीं जाणारी जाड तार काढावी, कोरड्या लांकडी चिमट्यांत धरून तिचें टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंच दूर ठेवावें, कार्ब्युरेटरपासून मात्र लांब, आणि दुसऱ्यास इंजिन फिरविण्यास सांगावें. निळी, कडाडणारी ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सर्व ठीक. दोष पुढें, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचें झांकण, रोटर, तारा वा प्लग यांत आहे. पावसाळ्यांत नदीकांठच्या दमट हवेनें झांकणाच्या आंत दंव धरतें व वीज भलत्याच वाटेनें निसटते. कोरड्या फडक्यानें पुसलें कीं काम भागतें. झांकणावर केसाएवढी काळी रेघ दिसली तर मात्र तें बदललेंच पाहिजे.

ठिणगी मुळींच नसेल तर मागें जावें. डॅशवरील ॲमीटर येथें फार बोलका साक्षीदार आहे. चावी लावून इंजिन फिरवितांना सुई थरथरली तर पॉइंट उघडमीट करीत आहेत. ती शून्यावरच राहिली तर वीज पोंचत नाहीं, किंवा पॉइंट मळल्यानें जुळूनहि जुळत नाहींत. एकसारखी खर्चाच्या बाजूस झुकून राहिली तर पॉइंट उघडतच नाहींत, नाहीं तर तार कोठें तरी लोखंडास टेंकली आहे. पॉइंट बारीक कानशीनें घांसावे. एमरी कागदानें नको, कारण त्याचे कण रुतून बसतात. त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असते.

उन्हाळ्यांतील एक फसवा दोष सांगितला पाहिजे. लॉरी तासभर नीट चालते, मग बंद पडते, आणि निवली कीं पुन्हां सुरू होते. यास दोन कारणें संभवतात : तापून निकामी होणारी कॉइल, किंवा उष्णतेनें पेट्रोलच्या नळींत झालेली वाफ. दोहोंचीं लक्षणें सारखीं. भेद करावयाचा तर ती बंद पडल्याबरोबर, निवण्यापूर्वींच, ठिणगी पाहावी. ठिणगी चांगली असेल तर नळीवर ओलें फडकें गुंडाळावें. नसेल तर कॉइल बदलावी. ही तार काढून पाहण्याची परीक्षा आजच्या इलेक्ट्रॉनिक गाडीवर मात्र कोणीं करूं नये; तेथील दाब कितीतरी अधिक असून माणूस व यंत्र दोघांसहि अपाय होतो.