गिअरबॉक्स का जातो? नवीन टाकण्याआधी जुना उघडून बघा



पेव्हर ब्लॉकचा प्लांट असो, पशुखाद्याचा मिक्सर असो, भाताची गिरणी असो की खडी क्रशरचा कन्व्हेयर, मोटर आणि मशीन यांच्यामध्ये एक लोखंडी पेटी बसलेली असतेच. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, मशीनला हवे असतात ३०-४०. वेग कमी करून ताकद वाढवायचं काम ही पेटी करते. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा तिची वेगळी ओळसुद्धा नसते. पण ती बंद पडली की मशीन थांबतं, कामगार बसून राहतात आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो.

साधा हिशोब करा. समजा हप्ता महिना ४५,००० रुपये, म्हणजे दिवसाला १,५००. तीन कामगार, रोज ६०० प्रमाणे १,८००. गिअरबॉक्स दुरुस्तीला दहा दिवस गेले तर ३३,००० रुपये नुसते बसून गेले. दुरुस्तीचं बिल आणि हातची गेलेली ऑर्डर यात धरलेलीच नाही.

म्हणून आजचा मुद्दा एकच. गिअरबॉक्स सहसा वय झालं म्हणून जात नाही. त्याला काहीतरी मारतं, आणि ते आपली खूण दातांवर, बेअरिंगवर आणि तेलात सोडून जातं. ते कारण न शोधता नवीन बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

१. तेल: कमी, जास्त किंवा भलतंच

दुकानात येऊन "९० नंबर द्या" म्हणणारे खूप. गिअरबॉक्सच्या नेमप्लेटवर मात्र आयएसओ व्हीजी २२०, ३२० किंवा ४६० असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे त्याचं माप. गाड्यांच्या तेलाचा ९० किंवा १४० हा नंबर वेगळ्या मोजपट्टीतला आहे. ९० नंबरचं तेल साधारण व्हीजी १५० ते २२०च्या आसपास येतं. म्हणजे नेमप्लेट ४६० मागत असेल आणि तुम्ही ९० ओतलंत, तर दातांमध्ये तेलाचा थर टिकत नाही आणि लोखंडावर लोखंड घासतं.

लेव्हल कमी असेल तर हेच होतं. पण जास्त भरलं तरी नुकसानच. तेल नुसतं घुसळलं जातं, फेस येतो, पेटी तापते. तापलेलं तेल लवकर खराब होतं. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

वर्म गिअरबॉक्समधलं मोठं चाक बहुधा ब्राँझचं असतं. काही ईपी तेलांमधलं गंधक गरम झाल्यावर ब्राँझ खातं. त्यामुळे तेल घेताना "वर्मसाठी चालेल का?" हे आवर्जून विचारा.

२. पाणी आणि धूळ

आपल्या टाकवे बुद्रुकला, सगळ्या आंदर मावळातच, पावसाळ्यात हवेतली ओल किती असते ते सांगायला नको. बरेच जण म्हणतात, "शेडवर पत्रा आहे, पाणी आत जाईल कसं?" पाणी हवेबरोबर जातं. दिवसभर चालून गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर पडते. रात्री तो गार होतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढतो. ती ओल आत थेंब धरते आणि तेलात उतरते. तेल दुधासारखं पांढरट दिसलं की समजा पाणी शिरलंय. शंका असेल तर एक थेंब तेल तापलेल्या तव्यावर लांबून टाका. तडतडलं तर पाणी आहे. चष्मा मात्र घाला.

उलटी चूकही होते. मशीनला रंग देताना ब्रीदरवरही रंग मारला जातो आणि भोक बुजतं. मग आतला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो. मालक सीलवर सील बदलत राहतो, पण गळती थांबत नाही. सील बदलण्याआधी ब्रीदर काढून फुंकर मारून बघा.

क्रशरवर आणि ब्लॉक प्लांटवर तिसरा शत्रू म्हणजे दगडाची धूळ. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट कठीण. त्याची भुकटी तेलात मिसळली की दात पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात.

३. ओव्हरलोड

हे गणित वहीत उतरवून घ्या. किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले फेरे, म्हणजे न्यूटन मीटरमध्ये टॉर्क.

१५ एचपी म्हणजे ११ किलोवॅटची मोटर घ्या. गिअरबॉक्सचा रेशो ४०, म्हणजे बाहेर ३६ फेरे. ११ × ९५५० ÷ ३६ = सुमारे २,९१८ न्यूटन मीटर. पण धक्क्याच्या कामाला सर्व्हिस फॅक्टर लावावा लागतो. एकसारख्या लोडला १ चालतो, क्रशरसारख्या जोरदार धक्क्याला साधारण १.७५ ते २ धरतात. १.७५ धरला तर गिअरबॉक्सची क्षमता सुमारे ५,१०० न्यूटन मीटर हवी. "१५ एचपीचा गिअरबॉक्स द्या" एवढंच बोलून घेतलेला माल इथेच मार खातो.

माल जास्त काढायचा म्हणून त्याच गिअरबॉक्सवर २० एचपीची मोटर चढवणं, मिक्सर भरलेला असतानाच चालू करणं, कन्व्हेयर अडकला तरी स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबणं, हे सगळं याच खात्यात जातं. बॉल बेअरिंगचं तर ठरलेलं गणित आहे: लोड दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा उरतं.

४. अलाइनमेंट आणि पाया

मोटर आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंगचा रबर वारंवार फाटतो. रबर स्वस्त असतो म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण जो मार रबर खातो, तोच आतलं बेअरिंगही खात असतं. अलाइनमेंट डायल गेज लावून करून घ्या, नुसती पट्टी ठेवून नको. चारही पाय बेसवर पूर्ण टेकतात का ते बघा. एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला तर पेटीच पिळते आणि दात तिरके बसतात. शिम घालून ती फट भरा.

पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणू नका आणि पुली शाफ्टच्या टोकाला नव्हे, जमेल तितकी बेअरिंगजवळ बसवा.

५. वेल्डिंगची अर्थिंग

हे फार कमी जणांना माहीत असतं. मशीनवर वेल्डिंग करताना अर्थचा क्लॅम्प लांब कुठेतरी लावला, तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. बेअरिंगमध्ये बारीक जळके ठिपके पडतात आणि काही दिवसांनी आवाज सुरू होतो. क्लॅम्प नेहमी वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावा.

खुणा कशा वाचायच्या?

आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, मगच झाकण उघडा. दात पुसून टॉर्चच्या उजेडात बघा.

- दाताच्या मधल्या पट्ट्यात टोचल्यासारखे खड्डे: लोड जास्त किंवा तेल पातळ. याला पिटिंग म्हणतात.
- दाताच्या उंचीच्या दिशेने ओरखडे: तेलाचा थर तुटला.
- दाताच्या एकाच टोकाला झीज: अलाइनमेंट गेलेली किंवा पेटी पिळलेली.
- सगळे दात सारखेच गुळगुळीत आणि बारीक: तेलात धूळ.
- तांबूस डाग: पाणी.
- दात मुळापासून तुटलेला: तुटलेला भाग सगळा खरखरीत असेल तर एकच मोठा धक्का. त्यात गुळगुळीत चंद्रकोरीसारखा भाग असेल तर तडा बरेच दिवस वाढत होता.

दातांच्या या बिघाडांची नावं आणि वर्णनं ठरवणारं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ १०८२५. म्हणजे हा मिस्त्रीचा अंदाज नाही, रीतसर शास्त्र आहे.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तोही बघा. बारीक काळी पेस्ट ही नेहमीची झीज. चकचकीत कपचे सापडले तर काहीतरी तुटतंय.

मग करायचं काय?

आपले साखर कारखाने बघा. गाळप हंगामात मिल थांबवणं परवडत नाही, म्हणून हंगाम संपल्यावर सगळं उघडून ओव्हरहॉलिंग होतं. छोट्या धंद्यालाही हीच शिस्त लावा. मावळात पावसाने कामं मंदावतात, तोच वेळ तपासणीचा.

रोजच्यासाठी एक वही पुरे. तेलाची लेव्हल, गिअरबॉक्सचं तापमान आणि आवाजात काही फरक, एवढंच लिहा. रोज ६० अंशांवर चालणारा आज त्याच कामावर ७५ दाखवत असेल, तर अजून वेळ हातात आहे. नवीन गिअरबॉक्सचं पहिलं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांना नक्की बदला, कारण सुरुवातीच्या झिजेचं लोखंड त्यातच असतं.

सेकंडहँड मशीन घेत असाल तर सौद्याआधी चार गोष्टी करा: तपासणीचं झाकण उघडून दात बघा, तेल काढून बघा, शाफ्ट हाताने वर-खाली हलवून ढिला आहे का बघा, नेमप्लेटचा फोटो घ्या. विकणारा झाकण उघडू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

आणि गिअरबॉक्स भोसरीला किंवा आणखी कुठे दुरुस्तीला पाठवलात, तर "किती खर्च?" याआधी "कशामुळे गेला?" हे विचारा. खराब दातांचे आणि बेअरिंगचे फोटो मागा, बिलावर कारण लिहून घ्या. नुसतं "जुना झाला होता" असं उत्तर आलं, तर पैसे देण्याआधी पुन्हा विचारा. कारण सापडलं तरच पुढचा गिअरबॉक्स टिकेल.