जुन्या शहाबादीशेजारी नवी फरशी बसवताय? रंगाआधी उंची ठरवा

माकणी (ता. लोहारा, जि. धाराशिव) : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची माळवदाची घरे कोसळली. त्यानंतर माकणी, सास्तूर परिसरात सिमेंटची घरे उभी राहिली. आता कुटुंबे वाढली आहेत. मागे एक खोली, बाजूला स्वयंपाकघर असे वाढीव बांधकाम निघते आणि घरात चर्चा सुरू होते. जुन्या खोलीत शहाबादी आहे, मग नव्या खोलीत काय घालायचे?

दुकानात अनेकदा एकच सल्ला मिळतो: जुनी उखडा आणि सगळीकडे व्हिट्रिफाइड टाका. घाई करू नका. शहाबादी हा शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातला चुनखडीचा दगड आहे. फरशी ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर घासाई आणि पॉलिश करून ती पुन्हा चांगली दिसते. उखडण्याची मजुरी आणि राडारोडा दोन्ही वाचतात.

फरशी कधी निवडायची?

नव्या खोलीचा कोबा करण्याआधी. इथेच बहुतेकांचे चुकते. व्हिट्रिफाइड टाइल साधारण १० मिमी जाडीची असते, तर शहाबादी २५ मिमी किंवा त्याहून जाड. टाइलखाली ४० मिमी माल धरला, तर कोब्याचा वरचा भाग जुन्या फरशीपेक्षा ५० मिमी खाली हवा. तिथेच शहाबादी घालायची असेल, तर ६५ मिमी. कोबा आधी झाला आणि फरशी नंतर ठरली, की दारात अर्ध्या-पाऊण इंचाची पायरी उरते. एवढी पायरी डोळ्यांना दिसत नाही, पण अंधारात उठलेल्या आजीच्या पायाला ती नेमकी लागते.

जुनी शहाबादी सगळीकडे एका पातळीत नसते. त्यामुळे दाराच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी लेव्हल घ्या. पाण्याची नळी असली तरी पुरते.

जोडावर टाइल अखंड नको

हा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुने जोते कधीच बसून स्थिर झालेले असते, नवे अजून बसायचे असते. दोन्हींवर मिळून एकच टाइल टाकली तर ती बरोबर जोडावर तडकते. मिस्त्रीचे काम कितीही सफाईदार असले तरी हे टळत नाही.

यावर जुनाच उपाय चांगला आहे: उंबरा. दारात काळ्या कडप्प्याची चार-सहा इंची पट्टी जोडावर येईल अशी बसवा, पण मालात एकाच बाजूला पक्की करा. दुसऱ्या कडेला ६ ते १० मिमी फट ठेवून तिथे लवचिक सीलंट भरा, सिमेंट नको. पट्टी दोन्हीकडच्या फरशीच्या पातळीतच ठेवा, म्हणजे ठेच लागणार नाही.

रंग जुळवायचा की वेगळा घ्यायचा?

माझ्या मते सरळ वेगळा घ्यावा. वर्षानुवर्षे वापरलेल्या शहाबादीचा राखाडी-निळा रंग नव्या शहाबादीलाही लगेच येत नाही. हिरवट कोटा शेजारी ठेवला तर जुळवायला गेलो आणि जमले नाही, असे दिसते. त्यापेक्षा फिकट पिवळी किंवा क्रीम रंगाची मॅट टाइल बरी. नमुन्याची एक टाइल घरी आणा. ओली करून, दिवसा आणि रात्री दिव्याखाली जुन्या फरशीला लावून पाहा. स्वयंपाकघरात चकचकीत टाइल टाळा, ओली झाली की पाय घसरतो.

सांधे एका रेषेत आणण्याचा हट्टही सोडा. दोन फुटी शहाबादी सुमारे ६१० मिमी, टाइल मात्र ६०० मिमी. पाच टाइलमध्येच रेषा जवळपास दोन इंच सरकते. मध्ये काळी पट्टी असेल तर हा फरक खटकत नाही.

काम संपल्यावर टाइलवरचे सिमेंटचे डाग काढायला मजूर ॲसिड मागतात. व्हिट्रिफाइडला त्याचा फारसा त्रास होत नाही. शहाबादी मात्र चुनखडीची असल्याने त्यावर फेस येतो आणि पॉलिश जाते. ॲसिडचे पाणी उंबरा ओलांडून जुन्या खोलीत जाणार नाही, हे त्या दिवशी स्वतः उभे राहून पाहा.