आयर्लंडांतील घरचा पाव

पाव म्हटला म्हणजे भट्टी, खमीर आणि पाववाला हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आयर्लंडच्या खेड्यांतील गृहिणी यांपैकीं कशाचेंही साहाय्य न घेतां पिढ्यान्‌पिढ्या घरींच पाव भाजीत आली, हें आमच्या बालवाचकांस नवल वाटेल.

तेथील हवा थंड व ओलसर, म्हणून गहूं मऊ निपजतो. त्याच्या पिठास चिकटपणा बेताचा. खमिरानें तें नीट फुगत नाहीं. १८४० च्या सुमारास खाण्याचा सोडा मिळूं लागला आणि ही अडचण टळली. ताक घरोघर होतेंच. गरीब कुळें पुष्कळदां लोणी विकून जमिनीचा खंड भागवीत. मागें उरे तें ताक. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला व सुमारें दहा लक्ष माणसें प्राणांस मुकलीं. तोंपर्यंत गरिबांचा मुख्य आहार बटाटाच होता. पुढील काळांत पावाचें महत्त्व वाढलें.

ताकांतील आम्ल सोड्यास मिळतांच कर्बद्विप्राणिद वायु निघतो व त्याच्या बुडबुड्यांनीं पीठ हलकें होतें. पण हा वायु कोणासाठीं थांबत नाहीं! म्हणून पीठ, मीठ व सोडा कोरडेंच मिसळून मध्यें खळगा करावयाचा, त्यांत ताक ओतावयाचें, हलक्या हातानें गोळा करावयाचा व लागलीच विस्तवावर ठेवावयाचा. फार मळल्यास पाव निबर होतो. भाकरीचें पीठ रगडून मळणाऱ्या आमच्या मातांस हें विपरीतच वाटेल.

भांडें लोखंडी, तीन पायांचें. तें दलदलींतून कापून वाळविलेल्या पीटच्या विस्तवावर टांगीत व झाकणावर निखारे रचीत. आपल्याकडे नानकटाई खालींवर विस्तव ठेवून भाजतात, तीच ही युक्ति. उत्तर भागांत मात्र पीठ गोल थापून, त्याचे चार तुकडे करून तव्यावर भाजण्याची चाल आहे.

भांड्यांतील पावावर सुरीनें क्रुसाची खूण करितात. कोणी म्हणतात तो आशीर्वाद. कोणी म्हणतात, आंतील पऱ्यांस वाट मिळावी म्हणून! जाड मध्यभागापर्यंत उष्णता पोहोंचावी, हें कारण आम्हांस अधिक पटतें. पाव उलटा करून बुडाशीं टिचकी मारिली असतां पोकळ नाद आला म्हणजे तो भाजला. मग स्वच्छ फडक्यांत गुंडाळला कीं कवच मऊ राहतें. दुसऱ्या दिवशीं तो शिळा लागतो, म्हणून पुन्हां पीठ घ्यावयाचेंच.