सुजलेल्या पायाला पट्टीचा आधार

सायंकाळी चप्पल काढताना तिचा पट्टा पायात रुतलेला दिसावा आणि घोट्यावर बोट दाबताच पडलेला खळगा काही वेळ तसाच राहावा, हा अनुभव दिल्लीत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या पुष्कळांना नवा नाही. रात्री पाय उशीवर ठेवून झोपले की सूज उतरते, आणि मग तिचा विचारही कोणी करीत नाही. परंतु वाचकहो, जी सूज सकाळीही उतरत नाही, महिनोन्‌महिने टिकते आणि जिच्यामुळे कातडी जाड व खरखरीत होऊ लागते, तिची गोष्ट निराळी आहे.

आपल्या शरीरात केशवाहिन्यांतून पाण्यासारखा द्रव सतत पाझरत असतो. तो परत रक्तात नेऊन सोडण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांना घरातील मोरीची उपमा द्यावयास हरकत नाही. मोरी तुंबली की पाणी घरात साचते, तसा हा द्रव हातापायांत साचतो.

ती तुंबते कशाने? आपल्या देशातील सर्वांत जुने कारण म्हणजे हत्तीरोग. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन ‘श्लीपद’ या नावाने आले आहे. रुग्णाच्या रक्तातील सूक्ष्म जंतू टिमथी लुइस यांनी १८७२ साली कलकत्त्यात पाहिले, आणि पुढे १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाशी त्याचा संबंध जोडला. भारत सरकारचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासूनचा. खुद्द दिल्ली हा या रोगाचा प्रदेश नव्हे. पण बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून नोएडा, फरिदाबाद, गुरुग्राम येथे पोटासाठी आलेली माणसे हा रोग पायात घेऊनच येतात. आपल्याकडे नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील कुटुंबांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. सरकारकडून वाटल्या जाणाऱ्या गोळ्या रक्तातील जंतू मारतात व रोगाचा फैलाव थांबवितात. पण एकदा जाड झालेला पाय त्या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तेथे पट्टीच हवी.

शहरांत आणखी एक कारण वरचेवर आढळते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसीकाग्रंथी काढाव्या लागल्या, किंवा तेथे किरणोपचार झाले, तर काही स्त्रियांचा त्या बाजूचा हात सुजतो. कधी लगेच, कधी काही वर्षांनी. पायांतील शिरांच्या झडपा निकामी झाल्यानेही दीर्घकाळ सूज राहते.

दाबाचा उपचार कसा चालतो, हे कॉनराड जोब्स्ट या अमेरिकन अभियंत्याच्या हकीकतीवरून चटकन समजते. त्यांच्या स्वतःच्या पायांतील शिरा बिघडलेल्या होत्या. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, असे त्यांच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी. त्याच हिशेबाने त्यांनी १९५०च्या सुमारास मोजे तयार केले. आजचे मोजेही याच तत्त्वावर विणलेले असतात.

फार सुजलेल्या पायावर मात्र आरंभी मोजे चढवीत नाहीत. प्रथम कापसाचा थर व त्यावर कमी ताणणाऱ्या पट्ट्या, बोटांपासून वर, अशा बांधतात. चालताना पोटरीचे स्नायू या पट्टीवर आतून दाबले जातात आणि साचलेला द्रव वर ढकलला जातो. म्हणून पट्टी बांधून पलंगावर पडून राहणाऱ्यास तिचा लाभ थोडाच. काही आठवड्यांनी सूज उतरली की माप घेऊन मोजे करावेत. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण सैल पडतो. मग नवे घ्यावे लागतात, आणि हा खर्च घरच्या अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे.

दुकानातून आणलेली क्रेप पट्टी पोटरीभोवतीच करकचून आवळणे हा शुद्ध अविचार आहे. त्याने खालचा पाय अधिकच सुजतो. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांनी, हृदय दुर्बल असलेल्यांनी आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना दाखविल्याखेरीज पट्टी बांधू नये. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, किंवा ताप येऊन कातडी लाल व गरम झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दिल्लीचा जून महिना हा या उपचाराचा खरा शत्रू. उन्हाने सूज वाढते आणि नेमके त्याच वेळी मोजे नकोसे होतात. पुष्कळ रुग्ण ते पेटीत ठेवून देतात आणि पावसाळा सरेपर्यंत वर्षभराची कमाई घालवून बसतात. दोन जोड ठेवून रोज धुतलेला घालावा, दुपारची बाहेरची कामे टाळावी. पण मोजे सोडू नयेत.

हाताच्या बाबतीत अडचण निराळीच. सुजलेल्या हातात घट्ट बांगड्या नकोत, असे डॉक्टर सांगतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना सुवासिनीचा हात मोकळा पाहवत नाही. अशा वेळी पतीने पुढे होऊन समजूत घालावी. बांगड्या दुसऱ्या हातात शोभतातच.

पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, कारण तेथील चिरांतूनच जंतू शिरतात आणि तापाचा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, घोट्याचे व पोटरीचे माप शिंप्याच्या फितीने घेऊन भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहीत जावे. तपासणीस जाताना हे आकडे डॉक्टरांना दाखवावेत.