कॅपखालचा दात

कॅपला कीड लागत नाही. कीड लागते ती कॅपखालच्या दाताला, आणि तीही बहुतेक वेळा हिरडीलगत, जिथे कॅपची कड संपते तिथे. रूट कॅनाल करून वर कॅप बसवली की दाढेचा प्रश्न कायमचा मिटला, असं पुष्कळांना वाटतं. पण ती कॅप किती वर्षं टिकेल हे ती धातूची आहे की झिरकोनियाची, यापेक्षा तिच्याखाली आपला स्वतःचा दात किती उरला आहे यावर जास्त ठरतं.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. मोडलेलं हाड सांधतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे गेलेलं एनॅमल परत येत नाही.

रूट कॅनाल केलेली दाढ लवकर का फुटते? नस गेल्यामुळे दात वाळतो आणि ठिसूळ होतो, असं बरीच वर्षं मानलं जायचं. मोजून पाहिल्यावर हा फरक अगदी किरकोळ निघाला. खरं नुकसान होतं ते दाताचा भाग कमी झाल्यामुळे. आधी किडीने पोखरलेलं असतं, मग नसेपर्यंत पोचण्यासाठी मधोमध वाट करावी लागते, आणि उरतात नुसत्या कडेच्या भिंती. सुपारी किंवा चिक्की चावताना या भिंती एकमेकींपासून फाकतात. त्यातून उभी भेग मुळापर्यंत गेली तर ती सांधता येत नाही आणि दाढ काढावीच लागते. कॅप या भिंतींना चहूबाजूंनी आवळून धरते. म्हणून रूट कॅनाल केलेल्या दाढेला बहुधा कॅप लागते. समोरचा दात बराचसा शाबूत असेल तर मात्र नुसतं भरूनही भागू शकतं.

पण कॅपला जागा करायची तर दात सगळीकडून घासून बारीक करावा लागतो. पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीवरच्या भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग निघून जातो, असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. घासून झाल्यावर हिरडीच्या वर निरोगी दाताचं दीड ते दोन मिलिमीटर उंचीचं कडं शिल्लक राहायला हवं. कॅपची खरी पकड त्या कड्यावर असते. ते नसेल तर दाताच्या मुळात खिळा बसवून वर कितीही भक्कम कॅप चढवली, तरी चावण्याचा सगळा जोर मुळावर येतो. डॉक्टर कधीकधी ‘ही दाढ वाचवण्यात अर्थ नाही’ म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हाच दोन मिलिमीटरचा हिशेब असतो.

कॅप कशाची घ्यायची, हा प्रश्न त्यानंतरचा. धातूवर पोर्सेलिन चढवण्याची पद्धत १९६०च्या दशकात रुळली. आज बोलबाला आहे झिरकोनियाचा, आणि त्याची गोष्ट खरोखर सुंदर आहे. शुद्ध झिरकोनिया भट्टीतून थंड होताना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, ते फुगतात आणि तुकडा स्वतःच तडकतो. त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलं की स्फटिक जुन्या रचनेतच अडकून राहतात. पुढे कॅपला बारीक भेग पडू लागली, की भेगेच्या टोकावरच्या ताणामुळे नेमके तिथले स्फटिक रचना बदलतात, चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. जो गुण पदार्थाला फोडत होता, तोच त्याला वाचवतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ साली हे ‘नेचर’मध्ये मांडलं, तेव्हा शीर्षकातच त्यांनी या पदार्थाला पोलादाची उपमा दिली होती. अधिक पारदर्शक, दातासारख्या दिसणाऱ्या झिरकोनियात हा गुण कमी असतो, म्हणून दाढेसाठी मी रूपापेक्षा ताकदीकडे पाहीन.

दातच नसेल तर ब्रिज. नेहमीच्या ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. इथे पदार्थविज्ञानातला एक कडक नियम आड येतो. ओढ्यावर टाकलेल्या फळीची लांबी दुप्पट केली, तर त्याच वजनाखाली ती आठपट वाकते. तिप्पट केली तर सत्तावीसपट. ब्रिजचंही तसंच. एका दाढेची जागा आरामात भरून निघते, सलग तीन दाढांसाठी मात्र दोनच दातांच्या आधारावर ब्रिज बांधणं धोक्याचं. आधाराचे दात मिश्रीने किंवा तंबाखूने हिरड्या खराब होऊन आधीच हलत असतील, तर छोट्या ब्रिजचाही नीट विचार करावा लागतो.

शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर एका दातासाठी ते घासून टाकणं मला फार महाग वाटतं, पैशांपेक्षाही दातांच्या हिशेबात. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असेल किंवा मोठं फिलिंग असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या इम्प्लांटचा पर्याय आहे. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली तो पहिल्यांदा माणसात वापरला. समोरच्या दातासाठी आणखी एक सौम्य वाट आहे. शेजारच्या एकाच दाताच्या मागच्या बाजूला पातळ पंख चिकटवून त्याच्या आधाराने खोटा दात बसवता येतो आणि घासावं लागतं नाममात्र. हा पंख रेझिनने चिकटतो. आम्लाने एनॅमल किंचित खरखरीत केलं की रेझिन त्याला घट्ट धरतं, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं होतं. या पर्यायाबद्दल आपल्याकडे रुग्ण फारसे विचारत नाहीत. त्यांनी विचारायला हवं.

जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवणं मात्र बरं नाही. शेजारचे दात हळूहळू तिच्याकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात लांबत येतो, आणि मग ब्रिजसाठी आणखी घासावं लागतं.

कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात. तेव्हा ‘थोडी उंच लागतेय’ असं वाटलं तर संकोच न करता सांगावं. मुळाभोवतीचे तंतू इतके संवेदनशील असतात, की केसापेक्षा पातळ वस्तूही आपल्याला दातांत जाणवते. उंच राहिलेली कॅप दाढ दुखवत राहते. आणि ब्रिज असेल तर खोट्या दाताखाली नुसता ब्रश पोचत नाही. तिथून जाड, टोकाला कडक असलेला दोरा किंवा बारीक गोल ब्रश रोज ओवून काढावा लागतो. खुर्चीवरून उठण्याआधी हातात आरसा घेऊन डॉक्टरांसमोरच तो एकदा ओवून पाहावा.